वडगावचे ठाणे

इतिहासाच्या पुस्तकांत तह येतात ते लढायांच्या शेपटासारखे. कोण जिंकले हे कळले की कलमे परीक्षेपुरती पाठ करायची आणि विसरायची. परंतु तह हाही बारकाईने वाचण्याचा मजकूर आहे, असे आम्हांस वाटते. १३ एप्रिल १७३१ रोजी सातारा आणि कोल्हापूर यांच्यात झालेल्या वारणेच्या तहात नऊ कलमे आहेत. त्यांतले एक अगदी त्रोटक आहे: वडगावचे ठाणे पाडून टाकावे. हे वडगाव म्हणजे वारणेच्या दक्षिणेचे, आजच्या हातकणंगले तालुक्यातील पेठ वडगाव. एवढ्या मोठ्या वाटणीत एका ठाण्याची आठवण का व्हावी?

भांडण वारशाचे होते. १७०७ मध्ये शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि ताराबाईंशी त्यांचा झगडा सुरू झाला. १७१४ मध्ये कोल्हापुरास राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर आले, तरी वैर शमले नाही. संभाजींनी निजामाचा आश्रय घेतला. १७२८ मध्ये पालखेडला बाजीरावाने निजामाची कोंडी केली आणि तो आधार तुटला. १७३० मध्ये वारणेकाठी संभाजींच्या फौजेचा मोड झाला. राजघराण्यातील स्त्रिया शाहूंच्या हाती लागल्या. शाहूंनी त्यांना सन्मानाने वागवले, आणि पुढे १७३१ च्या फेब्रुवारीत कऱ्हाडजवळ जखिणवाडीला दोघा चुलतबंधूंची भेट झाली. तहाची भूमी तयार झाली ती अशी.

कलमांची भाषा पाहावी. देणारे ‘आम्ही’ शाहू आहेत, घेणारे ‘तुम्ही’ संभाजी. वारणेच्या आणि पुढे कृष्णेच्या दक्षिणेचा मुलूख तुंगभद्रेपर्यंत कोल्हापूरकडे गेला. मिरज, तासगाव, अथणी ही ठाणी मात्र साताऱ्याच्या स्वाधीन करावी लागली. हा बरोबरीचा करार नव्हे, हे व्याकरणच सांगते. तरीही कोपळच्या बदल्यात रत्नागिरी, तुमचे वैरी ते आमचे वैरी, अशी परस्परतेची कलमे त्यात आहेत. हरलेल्याला मान राखून निघता यावे, एवढी जागा त्यांनी ठेवली.

आमच्या मते तहाचे खरे शहाणपण दोन लहान कलमांत आहे. एक ठाण्याचे. नदी ही सीमा ठरली, पण सीमेलगत तटबंदी उभी राहिली असती तर प्रत्येक हालचालीचा संशय आला असता. १९५३ मध्ये कोरियात युद्धविराम झाला तेव्हा सुमारे ४ किलोमीटर रुंदीचा निःसैनिक पट्टा आखला गेला. त्यामागेही हाच विचार होता. संशयाचे साधन दूर केल्याशिवाय सदिच्छा टिकत नाही.

दुसरे कलम चाकरांचे: एकाने दुसऱ्याचे चाकर ठेवू नयेत. यादवीला बळ मिळत होते ते सरदारांच्या पक्षांतरातून. १७०७ मध्ये खेडच्या लढाईत ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंना मिळाले आणि पारडे फिरले. पुढच्याच वर्षी धनाजी वारले, ते वडगावलाच. त्यांची समाधी तेथे आहे. ज्या गावी त्या पक्षांतराच्या नायकाचा अंत झाला, त्याच गावचे नाव तेवीस वर्षांनी समेटाच्या कागदात यावे, हा योगायोग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो.

तहाने सारे वैर संपवले, असे म्हणता येणार नाही. पुढे कोल्हापूरकर आणि पटवर्धन यांच्यात लढाया झाल्याच. परंतु छत्रपतींच्या दोन गाद्या असू शकतात, हे या कागदाने मान्य केले. साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये इंग्रजांनी खालसा केले. कोल्हापूर संस्थान १९४९ पर्यंत राहिले. दोन्ही राज्ये गेली, तरी सांगली आणि कोल्हापूर या जिल्ह्यांच्या मधून आजही वारणाच वाहते. आज ती ओलांडताना कुणाला ठाण्याची भीती वाटत नाही. त्या त्रोटक कलमाला आणखी काय हवे होते?