थोड्या जागेतला मोठा आवाज

परवा वर्गात एका मुलाच्या मोबाईलवर थट्टेचे चित्र पाहिले. वर-खाली पांढरी, काळ्या काठाची, ठसठशीत इंग्रजी अक्षरे. मोबाईल जप्त करायचा सोडून मी अक्षरेच पाहत राहिलो!

या वळणाचे नाव इंपॅक्ट. जेफ्री ली या इंग्रज गृहस्थाने ते आखले आणि शेफील्डच्या स्टीफन्सन ब्लेक या टाईप ओतणाऱ्या कंपनीने १९६५ साली धातूच्या खिळ्यांत विकायला काढले. मथळ्यांसाठीच ते होते. अंग जाड, रुंदी आवळलेली. लहान लिपीची अक्षरे मोठ्यांच्या खांद्याला लागतील इतकी उंच. पोटातल्या पोकळीची जेमतेम फट उरलेली. माझी कादंबरी कुणी या टाईपात छापली तर मीसुद्धा ती वाचणार नाही.

नवल असे की, तेव्हा खिळ्यांचेच दिवस भरत आले होते. फोटोच्या जुळणीने त्यांना हटवले. शेफील्डची ती भट्टीही आज विझली आहे. पण १९९६ साली मायक्रोसॉफ्टने इंटरनेटसाठी फुकट वाटलेल्या अक्षरसंचांत इंपॅक्ट होते. हाताशी आयते सापडले म्हणून चेष्टेखोरांनी ते उचलले.

मोबाईल परत देताना मी जेफ्री लीचे नाव सांगितले. मुलगा म्हणाला, "सर, अक्षरं कुणी काढलेली असतात?"