नारिंगी बॅजवाले

मोठ्या तंत्रज्ञान कंपनीतल्या नोकरीचा इतिहास बहुधा शेअरच्या भावातूनच सांगितला जातो. मार्च १९८६मध्ये मायक्रोसॉफ्टचा शेअर २१ डॉलरला बाजारात आला आणि पुढे रेडमंडच्या आवारातले हजारो कर्मचारी लक्षाधीश झाले, ही कथा सर्वांना पाठ आहे. त्याच आवारात मुद्रिते तपासणारे, पुस्तिकांच्या सूची करणारे, प्रोग्रॅममधल्या चुका हुडकणारे शेकडो लोक मात्र या कथेत येत नाहीत, कारण त्यांच्याकडे शेअर नव्हते. माझे म्हणणे असे की, हा वर्ग अपघाताने निर्माण झाला नाही. आणि त्याच्या बाजूने लागलेल्या सर्वांत गाजलेल्या निकालाने त्याचे वेगळेपण पुसण्याऐवजी अधिक ठळक केले.

१९८०च्या दशकात कंपनी या लोकांना ‘फ्रीलान्सर’ म्हणे. आपण स्वतंत्र कंत्राटदार आहोत, कर आणि विमा आपला आपण पाहू, अशा करारावर ते सही करत. प्रत्यक्षात त्यांच्या कामाच्या वेळा, त्यांचे साहेब आणि त्यांची टीम कायम नोकरांचीच असे. मोबदला मात्र पगारपत्रकातून न येता बिल दिल्यावर हिशेब खात्यातून निघे, कागद-पेन्सिली पुरवणाऱ्या दुकानदाराला मिळतो तसा. बॅजचा रंग निराळा, ईमेलचा पत्ता निराळा, कंपनीच्या समारंभाचे बोलावणे नाही. अमेरिकेच्या कर खात्याने १९९०च्या सुमारास दप्तर तपासले आणि ही माणसे नोकरच आहेत, असा निष्कर्ष काढला. कंपनीने तो मानला, थकलेला कर भरला, काहींना कायम केले. उरलेल्यांपुढे पर्याय ठेवला तो असा: मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीच्या पटावर जा किंवा काम सोडा. अनेकजण एजन्सीकडे गेले आणि आधीचेच काम करत राहिले. नोकरांचा बॅज निळा, एजन्सीवाल्यांचा नारिंगी.

१९९२मध्ये यांपैकी काहीजण कोर्टात गेले. ‘व्हिझकाइनो विरुद्ध मायक्रोसॉफ्ट’ या खटल्यात भांडण मुख्यतः नोकरांना शेअर १५ टक्के सवलतीने देणाऱ्या योजनेचे होते. अशा योजनेला करसवलत हवी, तर ती थोडे अपवाद वगळता सर्व नोकरांना खुली ठेवावी लागते. १९९६मध्ये आणि पुन्हा १९९७मध्ये, मोठ्या पीठापुढे, अपील न्यायालयाने कामगारांच्या बाजूने कौल दिला. एजन्सीच्या पटावर नाव असले म्हणून दावा आपोआप बाद होत नाही, हेही १९९९मध्ये स्पष्ट केले. डिसेंबर २०००मध्ये सुमारे ९ कोटी ७० लाख डॉलरची तडजोड झाली. या लोकांनी डोळसपणे सही केली होती, तासाचा दरही पुष्कळदा बरा मिळत होता, मग तक्रार कसली, हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो फालतू नाही. पण करारात काय नाव दिले यापेक्षा काम कोण सांगतो आणि त्यावर ताबा कोणाचा, हे न्यायालयाने महत्त्वाचे मानले. शिवाय त्या दशकात खरी संपत्ती तासाच्या दरात नव्हतीच, ती शेअरमध्ये होती. एजन्सी किंवा घर, एवढीच निवड उरलेल्याच्या सहीला स्वेच्छा म्हणताना थोडी तरी जीभ अडखळायला हवी.

पैसे मिळाले, नारिंगी बॅज तसाच राहिला. तडजोडीच्या आधीच, २०००च्या मध्यावर, कंपनीने नियम केला की एजन्सीच्या माणसाने ३६५ दिवस काम केल्यावर १०० दिवस बाहेर राहावे. यात द्वेष नव्हता, निव्वळ वकिली सावधपणा होता, असे कोणी म्हणेल. मलाही तसेच वाटते, आणि मुद्दा तोच आहे. दीर्घकाळ एका जागी राहणे, साहेबाने थेट काम सांगणे, एकत्र वावरणे ही सगळी उद्या पुरावा ठरणार असतील, तर सावध कंपनी ती तोडत जाणार. जो दुरावा पूर्वी निव्वळ सोयीचा होता, तो आता बचावाचा कागद झाला. पुढे, २०१४मध्ये, मायक्रोसॉफ्टनेच १८ महिने काम आणि ६ महिने खंड असा नियम आणला. खटला झाला नसता तर बरे झाले असते, असा याचा अर्थ नाही. हजारोंना हक्काचे पैसे मिळाले ही लहान गोष्ट नव्हे. मात्र कामगाराची व्याख्या रुंदावणाऱ्या निकालाला मालक कामाची रचना बदलून उत्तर देऊ शकतो, हे त्यातून दिसले.

आपल्याकडची वाट निराळी, पण पेच ओळखीचा. मुंबईत एअर इंडियाच्या इमारती झाडणाऱ्या कंत्राटी कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये ठरवले की, कंत्राट पद्धतीवर बंदी आली की कामगार मूळ मालकाकडे आपोआप सामावले जातात. २००१मध्ये पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात घटनापीठाने ते फिरवले. कंत्राट निव्वळ देखावा आहे असे सिद्ध झाले तरच दार उघडे ठेवले. म्हणजे इथेही शेवटी ताबा कोणाचा, हाच प्रश्न उरला.

मार्च २०१९मध्ये गूगलकडे सुमारे १,०२,००० कायम नोकर आणि १,२१,००० तात्पुरते व कंत्राटी होते, असे ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्याच वर्षी छापले. तिथे नोकरांचा बॅज पांढरा, इतरांचा लाल. त्याच वर्षी पिट्सबर्गमध्ये गूगलसाठी राबणाऱ्या काही कंत्राटी तंत्रज्ञांनी पोलाद कामगारांच्या संघटनेत जाण्याच्या बाजूने मतदान केले. वाटाघाटीच्या टेबलापलीकडे त्यांना गूगल मिळाली नाही. त्यांचा कागदोपत्री मालक होता नोएडाचा एचसीएल.