रुपयामागे एक पैसा

मंडळाच्या वर्गणीसाठी पावतीपुस्तक घेऊन घरोघर जायचे ठरले, की आपल्यापैकी निम्म्या जणींना त्या दिवशी नेमके काम निघते. ह्यात कोणाला दोष द्यावयाचा नाही. मी स्वतःही अशी कामे काढलेली आहेत. मागणे जिवावर येते. कोणी ‘मागून या’ म्हणते, कोणी मागच्या वर्षीच्या पैशांचे काय केले ते विचारते, आणि ओळखीच्या घरी तर अधिकच संकोच वाटतो. वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा हाच संकोच माझ्या मनात होता. म्हणून आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातील माणसांनी शाळेसाठी पैसा कसा मागितला, त्याची हकीकत सांगावी असे वाटले.

आरंभ आपल्या गावापासूनच करू. मालगुंडचे केशवसुत १८८९ साली मॅट्रिक झाले ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून. ही शाळा सरकारने काढलेली नव्हती. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी ह्यांनी १ जानेवारी १८८० रोजी ती सुरू केली. पुढे आगरकर येऊन मिळाले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली आणि पुढच्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज उघडले. संस्थानिकांकडून व धनिकांकडून देणग्या मिळविण्यात नामजोशींचा मोठा हात होता. परंतु पहिली देणगी दिली ती शिक्षकांनीच. सरकारी नोकरीत मिळाला असता त्याहून पुष्कळ कमी पगार घेऊन त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे शाळेला वाहिली. आधी आपण द्यावे आणि मगच दुसऱ्यापुढे हात पसरावा, हा धडा त्या शाळेने घालून दिला.

ह्याच संस्थेत १८९१ साली गणित शिकवावयास आले ते आपल्या जिल्ह्यातील मुरूडचे धोंडो केशव कर्वे, म्हणजे आपले अण्णा कर्वे. मुंबईत शिकवण्या करून पोट भरीत असतानाच त्यांनी एक नेम केला होता. मिळालेल्या प्रत्येक रुपयामागे एक पैसा धर्मकार्यासाठी बाजूला काढावयाचा. तेव्हा रुपयाचे पैसे चौसष्ट होते. म्हणजे शंभर रुपयांमागे जेमतेम दीड रुपया! घरात कळूही नये एवढीच ही रक्कम. पण नेम मोडला नाही, आणि त्यातूनच गावच्या कामासाठी मुरूडकरांनी आपल्या मिळकतीतला अंश द्यावा, ही मुरूड फंडाची कल्पना निघाली.

१८९३ साली अण्णांनी गोदूबाई ह्या विधवेशी पुनर्विवाह केला. ज्या गावासाठी फंड उभारला त्याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. गोदूबाई, म्हणजे पुढच्या बाया कर्वे, ह्या देवरुखच्या. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात त्या शिकल्या होत्या. शारदा सदन १८८९ साली निघाले ते अमेरिकेतील मदतीवर. बोस्टन येथे रमाबाईंसाठी खास मंडळी स्थापन होऊन तिने दहा वर्षे खर्च चालविण्याचे वचन दिले होते. ती मदत नसती तर अनेक विधवांना अक्षरओळखही झाली नसती, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. पण १८९३ च्या सुमारास धर्मांतराचा वाद उसळला आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. तेव्हा पैसा आपल्याच लोकांकडून मिळाला तर आपलेच लोक आपल्या मुली निःशंकपणे पाठवतील काय, असा प्रश्न उभा राहिला.

१८९६ साली अण्णांनी अनाथ बालिकाश्रम काढला तो ह्या प्रश्नाचे उत्तर शोधीत. आरंभी स्वतःच्या शिलकीतले एक हजार रुपये घातले. कॉलेजला सुट्टी लागली, की वर्गणीसाठी गावोगाव फिरावे. रावबहादुर गणेश गोविंद गोखले ह्यांनी हिंगणे येथे सहा एकर जमीन व झोपडीसाठी पैसे दिले, आणि १९०० साली आश्रम तेथे गेला. कॉलेज सुटल्यावर अण्णा आश्रमाचे सामानसुमान खांद्यावर घेऊन चिखल तुडवीत हिंगण्याला पायी जात. पुढे अडचण पडली तेव्हा आपल्या विम्याची पॉलिसीही त्यांनी आश्रमाच्या नावे केली. ‘उद्या मुलांचे काय?’ हा बायांच्या मनातला प्रश्न कोणत्याही आईला पडेल असाच होता. संसारातून काढून दिलेला पैसा हा एकट्या नवऱ्याचा नसतो, ही गोष्ट इतिहास लिहिणारे विसरतात. आपण विसरू नये.

आता ज्यांच्यासाठी हे सारे लिहिले त्या बाईंकडे येते. बायांच्या बहीण पार्वतीबाई आठवले ह्यांचा जन्म १८७० साली देवरुखला झाला. अकराव्या वर्षी लग्न, विशीत वैधव्य, पदरी लहान मुलगा. पंचविशी उलटल्यावर त्या पुण्यास येऊन शिकू लागल्या, आश्रमात काम करू लागल्या, आणि पुढे आश्रमासाठी वर्गणी गोळा करण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. भगिनींनो, ह्याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. केशवपन केलेली विधवा समोर आली तर लोक घराबाहेर पडत नसत. मंगलकार्यात तिला जागा नव्हती. अशी एक बाई परगावी, परक्या दारात उभी राहून, मुलींच्या शाळेसाठी काही द्या, असे म्हणत होती. सभेत उभे राहून बोलत होती. दार उघडणाऱ्याला पैशाच्या आधी तिला स्वतःलाच उत्तर द्यावे लागे. ज्याने चार आणे दिले त्याने विधवेला शिकण्याचा हक्क आहे, हेही चार आण्यांपुरते कबूल केले. लेख लिहून आणि वाद घालून जे मन वळत नाही, ते कधी कधी दिलेल्या वर्गणीने वळते, कारण एकदा पैसा दिला की मनुष्य त्या कामाची चौकशी करू लागतो. पुढे १९१८ साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, इंग्रजी फारसे येत नसताना, पार्वतीबाई अमेरिकेला गेल्या. परक्या घरी घरकाम करून राहिल्या, शिकल्या आणि १९२० साली परतल्या. ‘माझी कहाणी’ ह्या आत्मवृत्तात त्यांनी हे सारे सांगितले आहे.

१९१६ साली अण्णांनी महिला विद्यापीठ काढले. चार वर्षांनी सर विठ्ठलदास ठाकरसी ह्यांनी आपल्या मातोश्री नाथीबाईंच्या स्मरणार्थ पंधरा लाखांची देणगी जाहीर केली. साडेतीन टक्के व्याजाने वर्षाला साडेबावन्न हजार रुपये! विद्यापीठाला नाथीबाईंचे नाव मिळाले, देणगीच्या अटी पाळणे आले, आणि १९३६ साली ठाणे पुण्याहून मुंबईला हलले. मोठी देणगी अशीच असते. ती तारते आणि आपले म्हणणेही मांडते. त्यात गैर काही नाही. पण ठाकरसींनी विश्वास टाकला तो वीस वर्षे चाललेल्या कामावर, आणि ती वीस वर्षे लहानसहान वर्गण्यांनी निभावली होती.

हे अण्णा स्वतःही विसरले नाहीत. पंधरा लाखांची देणगी पाहिलेला हा माणूस १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठी पुन्हा पायी वर्गणी मागत फिरू लागला. सत्तर रुपये पेन्शन होते, त्यातले पंधरा त्याने आधी स्वतः घातले. १९५८ साली त्याला भारतरत्न मिळाले. तोवर मुरूडनेही आपल्या सुपुत्राला पुन्हा जवळ केले होते.

तो तांब्याचा पैसा आज चलनात नाही. चार आणेही गेले. पण दीड टक्क्याचा हिशेब अजून कोणालाही करता येतो. दहा हजारांच्या मिळकतीवर तो दीडशे रुपयांच्या आसपास जातो. आपल्या मंडळाने वर्षातून एकदा सारा जमाखर्च सर्वांसमोर वाचावा, पाच रुपयांचीही पावती द्यावी, आणि मागावयास निघण्यापूर्वी प्रत्येकीने पहिली पावती आपल्या नावाची फाडावी. मग मागच्या वर्षीच्या पैशांचे काय केले, असे कोणी विचारले तर राग येणार नाही. उत्तर तयार असेल.

पुढच्या वर्गणीच्या दिवशी मला काम निघणार नाही, एवढे मी येथे लिहून देते.