आधी बारसं, मग बाळ

शाळेच्या पुस्तकात मायटोकॉन्ड्रियाला तंतुकणिका म्हणतात, आणि नाव अगदी मुळाला धरून आहे. 1898 साली कार्ल बेंडा यांनी ग्रीकमधले दोरा आणि दाणा हे दोन शब्द जोडूनच मूळ नाव घडवलं होतं. या तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यात कॅल्शियमची एक वाट आहे. तिचं बारसं मात्र बाळ सापडण्याच्या कितीतरी आधी उरकलं.

1961-62च्या सुमारास उंदरांच्या मूत्रपिंडातून काढलेल्या तंतुकणिका कॅल्शियम अधाशासारखं ओढून घेताना दिसल्या. त्याचा उलगडा पीटर मिचेल यांच्या मांडणीने झाला. श्वसनाच्या जोरावर प्रोटॉन बाहेर ढकलले जातात, आतली बाजू सुमारे 180 मिलिव्होल्टने ऋण होते आणि धन कॅल्शियम आत खेचलं जातं. कुणाच्या सोबतीशिवाय पडदा ओलांडण्याला ‘युनिपोर्ट’ म्हणायचं, हेही मिचेल यांचंच. त्यावरून वाटेचं नाव पडलं कॅल्शियम युनिपोर्टर.

वाट अडवायला रुथेनियम रेड मिळालं. वनस्पतीतलं पेक्टिन रंगवायचा हा जुना रंग. पेरूची जेली ज्याच्यामुळे धरते तेच पेक्टिन. कुलूप हाती आलं, दार कुठाय ते कळेना. 2004मध्ये किरिचोक, क्रापिविन्स्की आणि क्लॅपहॅम यांनी तंतुकणिकेचा बाहेरचा पडदा उतरवला, आतल्या फुगीर पडद्यावर काचेची बारीक नळी टेकवली आणि प्रवाह मोजला. हा खराखुरा आयन चॅनल होता. ही वाट घडवणारं प्रथिन तरीही बेपत्ताच.

जनुकशास्त्रज्ञांचं लाडकं यीस्ट इथे निरुपयोगी, कारण त्याच्यात ही वाटच नाही. निद्रारोगाच्या परजीवीच्या कुळात, ट्रिपॅनोसोमात, मात्र ती आहे. मग तीच अडचण चाळणी झाली: यीस्टमध्ये नाही, पण माणसात आणि ट्रिपॅनोसोमात आहे, असं काय? या कथेतली मला सर्वांत आवडणारी युक्ती हीच. 2010मध्ये वम्सी मूथा यांच्या गटाला एमआयसीयू-1 हा राखणदार सापडला. 2011मध्ये त्यांना आणि पादुआच्या रोझारिओ रिझुतो यांच्या गटाला वाटेचं प्रथिनही मिळालं. तोवर ते सीसीडीसी109ए या रुक्ष नावाने प्रथिनांच्या यादीत पडून होतं.

कॅल्शियम बेताने आलं तर ऊर्जेचं काम वेग घेतं. फार झालं तर तंतुकणिका फुगून पेशी मरू शकते. 2013मध्ये ही वाटच नसलेले उंदीर चक्क जगले, स्नायूंची ताकद तेवढी कमी. राखणदाराच्या जनुकात बिघाड असलेल्या मुलांची नोंद 2014मध्ये झाली. त्यांच्या पेशी स्वस्थ असतानाही कॅल्शियम आत झिरपत होतं. स्नायू दुबळे होते आणि शिकणं जड जात होतं.