घरभर गाणं, आठवड्याला दीड शिलिंग

सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मंडळींना मी नेहमी सांगतो की, 'माध्यमांचा सामाजिक इतिहास' असला अगडबंब विषय घेऊ नका. एखादी वस्तू घ्या. आज उदाहरणादाखल अशीच एक वस्तू घेऊ: भिंतीवर टांगलेला एक लाउडस्पीकर. त्याला आवाज कमी-जास्त करायचं बटण आहे, फार तर दोन खुणांचा एक स्विच आहे. रेडिओ मात्र त्यात नाही. रेडिओ गावात दुसरीकडेच कुठेतरी आहे, आणि तिथून तारेवरून गाणं येतंय.

एकाच सेटवरून सगळ्या खोल्यांत गाणं न्यायचं आणि खर्चही बेताचा ठेवायचा, ही हौस जुनी आहे. इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनजवळच्या हाइद गावात ए. डब्ल्यू. मेटन नावाचे एक गृहस्थ विजेच्या सामानाचं दुकान चालवायचे. एका सेटला एकापेक्षा जास्त लाउडस्पीकर जोडता येतात, हे त्यांनी हेरलं. तार दुसऱ्या खोलीत जाते, तर शेजारच्या घरात का जाऊ नये? जानेवारी 1925 मध्ये त्यांनी पैसे घेऊन ही सोय द्यायला सुरुवात केली. ब्रिटनमधलं पहिलं 'रिले एक्स्चेंज' ते हेच. नेदरलँड्समध्ये कोख आन द झान इथे बाउलिंग नावाच्या माणसाने त्याआधीच, 1924 मध्ये, असाच उद्योग मांडला होता.

आता थोडं तांत्रिक, कारण ते कळल्याशिवाय पुढचं राजकारण कळत नाही. आजच्या हिशेबात बघा. आठ ओहमच्या स्पीकरला दहा वॉट द्यायचे तर तारेतून सव्वा अँपियरच्या जरा आत करंट जातो. तार लांब आणि बारीक असेल तर बराचसा आवाज वाटेतच उष्णता होऊन जिरतो. असे चार स्पीकर समांतर जोडले तर अॅम्प्लिफायरला दिसणारा भार दोन ओहमवर येतो आणि बिचारा तापून बसतो. उपाय असा: ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज चढवायचं आणि प्रत्येक स्पीकरपाशी पुन्हा उतरवायचं. शंभर व्होल्टवर तेच दहा वॉट फक्त 0.1 अँपियरमध्ये जातात, म्हणजे त्याच तारेतली नासाडी सव्वाशेपट कमी. गणपतीच्या मंडपातल्या किंवा रेल्वे स्टेशनवरच्या अॅम्प्लिफायरच्या पाठीमागे '70 व्होल्ट', '100 व्होल्ट' असं लिहिलेलं असतं, ते यासाठीच. मोठ्या घरात कमी खर्चात स्पीकर फिरवायचे असतील तर आजही हा मार्ग वाईट नाही. रिलेवाल्यांनी याच तत्त्वावर गल्ल्यांच्या गल्ल्या जोडल्या. उंचावर एक चांगली एरियल, एक उत्तम सेट, एक दांडगा अॅम्प्लिफायर आणि छपरांवरून गेलेल्या तारा.

पण लोकांनी हे घेतलं का? इथे नवखे संशोधक पटकन लिहून टाकतात: "कारण ते स्वस्त होतं." मग आपण हिशेब करू. भाडं साधारण आठवड्याला दीड शिलिंग. वर्षाचे झाले 78 शिलिंग, म्हणजे चार पौंडांना दोन शिलिंग कमी. शिवाय दहा शिलिंगांचा सरकारी रेडिओ परवाना ग्राहकाला वेगळा काढावाच लागे. तीन वर्षांत परवाना सोडूनच जवळजवळ बारा पौंड गेले. तेवढ्यात एक बरा सेट आला असता की!

तरी लोक रिलेच घेत होते, आणि त्यांना आकडेमोड येत नव्हती असं समजायचं कारण नाही. ज्याच्या हातात पगार आठवड्याला पडतो, त्याला दहा पौंड एकदम काढता येत नाहीत. हप्त्याने सेट मिळायचा, पण तो बिघडला तरी हप्ता चालूच. घरात वीज नसेल तर सेटची बॅटरी उचलून दुकानात चार्ज करायला न्यायची, व्हॉल्व्ह गेला तर नवा घ्यायचा. रिलेच्या दीड शिलिंगात यातलं काहीच आपल्या अंगावर नव्हतं. नोकरी गेली तर पुढच्या आठवड्यापासून बंद करायला सांगता येत होतं. म्हणून स्वस्त आणि परवडणारं हे दोन शब्द आपल्या लिखाणात वेगळे ठेवा. मला विचाराल तर, गरिबांच्या घरातल्या वस्तूंवर लिहिलेले निम्मे निबंध इथेच घसरतात.

वाढ झपाट्याने झाली. 1927 अखेर 10 एक्स्चेंज आणि 446 ग्राहक, तर 1935 अखेर 343 एक्स्चेंज आणि 2,33,554 ग्राहक. हे आकडे रोनाल्ड कोस यांच्या 'इकॉनॉमिका'मधल्या 1948 च्या लेखात मिळतात. हे कोस म्हणजे 1991 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले तेच.

आणि मग बीबीसी अस्वस्थ झाली. वरवर पाहता तिचं काही बिघडत नव्हतं. उलट तिचेच कार्यक्रम जास्त घरांत पोचत होते. प्रश्न स्टेशन लावण्याच्या बटणाचा होता. ते आता श्रोत्याच्या घरात नव्हतं, रिले चालवणाऱ्या माणसाच्या खोलीत होतं. रीथ यांच्या काळातली बीबीसी रविवारी गंभीर आणि धार्मिक कार्यक्रम लावायची. 1933 नंतर रिलेवाले त्या वेळात खुशाल रेडिओ लक्झेंबर्ग लावू लागले: नाचाचं संगीत, हलकीफुलकी गाणी आणि जाहिराती. बीबीसीने गंभीर आणि हलकं यांचं जे मिश्रण मुद्दाम ठरवून केलं होतं, ते एक दुकानदार बटण फिरवून मोडू शकत होता. सेट विकणारे व्यापारी आणि जाहिरातींवर जगणारी वर्तमानपत्रंही रिलेच्या विरोधात होती, प्रत्येकजण आपापल्या कारणाने.

पोस्ट खात्याने परवान्यात अटी घातल्या. रिलेने स्वतःचे कार्यक्रम करायचे नाहीत, आणि सरकारला हवं तर यंत्रणा विकत घेता येईल. अल्सवॉटर समितीने 1936 च्या अहवालात सुचवलं की रिले पोस्ट खात्याने ताब्यात घ्यावेत आणि कार्यक्रम बीबीसीने ठरवावेत. सरकारने तसं केलं नाही, परवाने वाढवून दिले. गंमत म्हणजे बीबीसीचे पहिले मुख्य इंजिनिअर पीटर एकर्सली स्वतः तारेचे मोठे पुरस्कर्ते होते. तारेवरून अनेक कार्यक्रम एकाच वेळी नेता येतील आणि श्रोत्याला निवड वाढवून मिळेल, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे एकाच तारेत एकाला मक्तेदारीला धोका दिसत होता आणि दुसऱ्याला निवडीचं स्वातंत्र्य. कोस यांना या भांडणात मक्तेदारी सापडली आणि त्यातून 1950 मध्ये ब्रिटिश ब्रॉडकास्टिंगवरचं त्यांचं पुस्तक आलं. वस्तू लहान घ्या म्हणतो ते यासाठी.

बटण दुसऱ्याच्या खोलीत असण्याची खरी किंमत मात्र इंग्लंडमध्ये कळली नाही. ती कळली नेदरलँड्समध्ये. जर्मन ताब्याच्या काळात, मे 1943 मध्ये, लोकांना आपले रेडिओ सेट जमा करायचा हुकूम निघाला. तारेवरचे लाउडस्पीकर घरात राहू दिले, कारण त्यावर लंडन ऐकू येत नव्हतं. सोव्हिएत संघात जून 1941 मध्ये, युद्ध सुरू होताच, खाजगी सेट सरकारजमा झाले आणि तारेवरचा स्पीकर तेवढा उरला. वेढ्यातल्या लेनिनग्राडमध्ये कार्यक्रमांच्या मधल्या वेळात त्यातून मेट्रोनोमचे ठोके येत: संथ असतील तर शहर शांत आहे, जलद असतील तर हवाई हल्ला. त्या शहरातल्या माणसांना ही तार आपल्यावरची पाळत वाटत होती की सोबत, हे परिणामाकडे बघून ठरवता येत नाही. दोन्ही वाटत असणं अगदी शक्य आहे. 'राज्यसंस्थेचं नियंत्रण' एवढं लिहून प्रकरण संपवणाऱ्यांनी त्या ठोक्यांपाशी थोडं थांबावं.

आता यावर संशोधनप्रश्न कसा बांधाल? समितीचे अहवाल, परवान्यांच्या अटी, बीबीसीचा पत्रव्यवहार ही साधनं भरपूर आहेत, आणि त्यांची अडचणही तीच आहे. त्यात ग्राहक हा एक आकडा असतो. स्वयंपाकघरात स्पीकर कोणी टांगला, रविवारी लक्झेंबर्ग लावा म्हणून दुकानदाराकडे तगादा कोणी लावला, म्हाताऱ्यांना आणि पोरांना एकाच स्पीकरवर काय ऐकायचं होतं, हे या कागदांत शोधून सापडणार नाही. त्यासाठी स्थानिक वर्तमानपत्रांतली वाचकांची पत्रं, रिले कंपन्यांच्या जाहिराती, कौटुंबिक आठवणी, आणि चक्क भिंती बघाव्या लागतील. हलसारख्या शहरातल्या जुन्या घरांत खिडकीच्या चौकटीवर रिडिफ्युजन कंपनीचे स्विच अजूनही अधूनमधून सापडतात. स्विच कोणत्या खोलीत आहे, जमिनीपासून किती उंचीवर आहे, लहान मुलाचा हात तिथे पोचला असता का, त्यावर किती खुणा आहेत, एवढं टिपून घेतलं तरी पहिल्या प्रकरणाचं साधन तयार होतं.