पंच नसलेला आखाडा

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्ती लागली की निकाल हजारो डोळ्यांसमोर होतो. पाठ मातीला लागली की नाही हे पंच पाहतात आणि सभोवती बसलेले शौकीनही पाहतात. आता एक वेगळी स्पर्धा डोळ्यांपुढे आणू या. स्पर्धक एकमेकांपासून हजारो किलोमीटर दूर आहेत, प्रेक्षक नाहीत, खोलीत पंच नाहीत आणि आपले गुण ज्याचे त्यानेच लिहून पाठवायचे आहेत. हौशी रेडिओची स्पर्धा अशी असते. तिच्यात लबाडी होत नसेल का? झाली तर ती पकडायची कशी?

हौशी रेडिओचालक म्हणजे सरकारची परीक्षा देऊन, परवाना घेऊन, स्वतःच्या यंत्रावरून जगातल्या इतर परवानाधारकांशी बोलणारा माणूस. त्याला या कामाचे पैसे घेता येत नाहीत, की गाणी-बातम्या प्रसारित करता येत नाहीत. त्याची ओळख म्हणजे सरकारने दिलेले अक्षरांचे व अंकांचे चिन्ह, म्हणजेच 'कॉल-साइन'.

या छंदात स्पर्धा आली ती गरजेतून. १९१४ साली अमेरिकेतील हार्टफर्ड येथील हिराम पर्सी मॅक्सिम यांना सुमारे ५० किलोमीटरवरच्या स्प्रिंगफील्डला संदेश पाठवायचा होता. पण थेट संपर्क होईना. वाटेतल्या एका हौशी चालकाने संदेश घेतला आणि पुढे पोचवला. एकाने घ्यायचे व दुसऱ्याला द्यायचे, या कल्पनेवर मॅक्सिम यांनी त्याच वर्षी 'अमेरिकन रेडिओ रिले लीग' ही संस्था उभी केली. १९२१ च्या डिसेंबरात अमेरिकन हौशींचे संकेत अटलांटिकपलीकडे स्कॉटलंडमध्ये ऐकू आले आणि १९२३ मध्ये दोन्ही बाजूंनी संभाषण झाले. याच संस्थेने १९२७ साली आंतरराष्ट्रीय संपर्कांची चढाओढ भरवली. ती या प्रकारच्या स्पर्धांची सुरुवात मानली जाते. १९३३ पासून 'फील्ड डे' सुरू झाला. त्यात चालक मोकळ्या माळावर यंत्र नेऊन आपत्काळाची तालीम करतात. म्हणजे मुळात ही स्पर्धा तालीमच होती.

स्पर्धेचे गणित सोपे आहे. 'सीक्यू वर्ल्ड वाइड' या मोठ्या स्पर्धेचे उदाहरण घेऊ. ती आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होते आणि ४८ तास चालते. प्रत्येक संपर्कात आवाजाच्या दर्जाचा आकडा आणि आपला विभाग सांगायचा. भारत २२ व्या विभागात येतो, म्हणून कोल्हापूरचा चालक 'एकोणसाठ, बावीस' असे सांगेल. दुसऱ्या खंडाशी संपर्क झाला तर ३ गुण मिळतात. गुणांच्या बेरजेला मिळवलेल्या वेगवेगळ्या देशांच्या व विभागांच्या संख्येने गुणायचे.

समजा, ४०० संपर्क झाले, सगळे ३ गुणांचे, आणि गुणक ६० आहे. गुण झाले १,२०० गुणिले ६०, म्हणजे ७२,०००. यातला एक संपर्क चुकीचा ठरला आणि तोच एका नव्या देशाचा एकमेव संपर्क होता, तर उरले १,१९७ गुणिले ५९, म्हणजे ७०,६२३. एका चुकीने ३ नव्हे, १,३७७ गुण गेले. शिवाय काही स्पर्धांत चुकीबद्दल वेगळा दंड होतो. मोर्समध्ये तीन टिंबे म्हणजे 'एस' आणि चार टिंबे म्हणजे 'एच'. एक टिंब निसटले की एवढा फटका बसतो.

ही चूक पकडली जाते कशी? प्रत्येक संपर्काची नोंद दोन वह्यांत असते, एक माझ्या आणि एक समोरच्याच्या. संयोजक सगळ्या वह्या एकमेकींशी ताडून पाहतात. माझ्या वहीत नाव आहे आणि त्याच्या वहीत मी नाही, तर संपर्क बाद. व्यापाऱ्याच्या चोपडीत दोन्हीकडच्या नोंदी जुळाव्या लागतात, तसेच हे. पूर्वी हे काम कागदावर हाताने होई, पुढे संगणक आला. आता स्पर्धाकाळातील लहरींची ध्वनिमुद्रणेही तपासता येतात.

तरीही काही गोष्टी वहीत दिसत नाहीत. मर्यादेपेक्षा जास्त शक्ती वापरणे, एकट्याच्या गटात नाव देऊन दुसऱ्याची मदत घेणे, स्पर्धा संपल्यावर ध्वनिमुद्रण ऐकून वही सुधारणे, दुसऱ्याच्या लहरीवर जाऊन बसणे, हे सारे बंद खोलीत घडते. म्हणून पहिला नियम आहे, आधी ऐका. लहर मोकळी आहे का हे विचारा, मगच हाक द्या. १९२८ साली पॉल सीगल यांनी हौशी चालकाची आचारसंहिता लिहिली. तिच्यात पहिला गुण सांगितला आहे तो इतरांचा विचार करण्याचा.

तरी एक विषमता उरतेच. उंच मनोरा आणि मोठा अँटेना असलेल्यापुढे गच्चीवर तार ताणणारा काय करणार? १९९० मध्ये सिअ‍ॅटल येथे झालेल्या जागतिक सांघिक स्पर्धेत यावर उपाय शोधला गेला. सगळे संघ एकाच परिसरात, शक्य तितक्या सारख्या साधनांनिशी, आणि प्रत्येक केंद्रावर पंच. थोडक्यात, सर्वांना एकच माती.

भारतात हौशी परवाने १९२१ पासून दिले गेले. दुसऱ्या महायुद्धात, १९३९ साली, ते बंद झाले आणि यंत्रे पोलिसांत जमा करण्याचे आदेश निघाले. ज्या छंदाचा शासनाला एवढा धाक वाटला, त्याचाच शासनाला पुढे आधारही झाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हौशी चालकांनी निरोप पोचवले. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी अंदमानातून जगभरच्या हौशींशी संपर्क साधत होते. १९८७ नंतर ती बेटे हौशींच्या लहरींवर ऐकू आली नव्हती, म्हणून हाका देणाऱ्यांची झुंबड उडाली होती. २६ तारखेच्या सकाळी त्सुनामी आली. त्यांनी ते काम तिथेच थांबवले आणि तीच यंत्रे आपत्कालीन निरोपांसाठी वापरली.

तिथे एका टिंबाची किंमत गुणांत मोजता येत नाही. चुकीचे ऐकलेले नाव म्हणजे एखाद्या घरात उगाच झालेला आकांत किंवा खोटी आशा. स्पर्धेत खोटी नोंद करणारा गुण चोरतोच, शिवाय आपला कानही बिघडवतो.

शिक्षकांना हे वर्गात करून पाहता येईल. मुलांनी पाठीला पाठ लावून बसावे आणि एकमेकांना हजेरी क्रमांक व एक आकडा हळू आवाजात सांगावा. दोघांनी तो आपापल्या वहीत लिहावा. वह्या शेवटी ताडाव्यात आणि न जुळणारी नोंद दोघांचीही बाद करावी. दुसऱ्या फेरीपासून मुले एकमेकांना विचारू लागतील, 'तू नीट लिहिलंस ना?' आपली नोंद खरी ठरायला समोरच्याचीही खरी असावी लागते, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.