मावळंकरांचा दामोदर : अड्यारहून तिबेटकडे

आपल्या मराठी मुलखात भुताखेतांचीही जातवारी ठरलेली आहे. मुंज होऊन लग्नाआधी मेला तो मुंजा, त्याचे बिऱ्हाड पिंपळावर. धनाच्या वा जमिनीच्या वासनेत अडकलेला ब्राह्मण मेला की तो ब्रह्मसमंध. बाळंतपणात दगावलेली हडळ. वाट चुकवणारा तो चकवा. आणि या सर्वांचा राजा वेताळ, ज्याची पालखी अमावास्येच्या रात्री शिवेवरून निघते. कोकणात आणि गोमंतकात देवचार आहे, तो तर गावाचा राखणदारच. त्यास रोट आणि विडी दिली की माणसापेक्षा इमानाने वागतो. मेल्यावरही माणसाची जात सुटत नाही, ही गोष्ट आमच्या वाडवडिलांना इतकी स्वाभाविक वाटे की तिचे नवल त्यांनी कधी केलेच नाही.

याच लोकसमजुतीच्या वरच्या मजल्यावर दुसरे एक जग आहे. तेथे भुते नाहीत; न मरणारे, दृष्टीआड वावरणारे सिद्ध आहेत. वाघावर बसून आलेल्या चांगदेवाची कथा, गुप्तरूपाने सह्याद्रीत संचार करणारे दत्तात्रेय, नर्मदेच्या परिक्रमेत कपाळाच्या जखमेसाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा, ही सर्व या मजल्यावरील मंडळी. आज ज्या तरुणाची हकीकत आम्ही सांगणार आहो, तो या दुसऱ्या जगाच्या शोधात घराबाहेर पडला आणि परतला नाही.

चेन्नईत राहणारा मराठी माणूस पाहुण्यांना कपालेश्वर दाखवतो, मरीना किनारा दाखवतो, आणि पाहुणे जरा वाचणारे असले तर अड्यार नदीकाठच्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या बागेत नेऊन तेथील प्रचंड वटवृक्ष दाखवतो. त्याचे मूळ खोड 1989 च्या वादळात कोसळले, पारंब्या उभ्या आहेत. आम्हीही हे पुष्कळदा केले आहे. परंतु या संस्थेच्या आरंभीच्या इतिहासात एक मराठी नाव किती खोलवर गुंतलेले आहे, हे आम्हांसही फार उशिरा कळले. ते नाव दामोदर केशव मावळंकर. आडनाव वाचकांस लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर यांच्यामुळे परिचित आहे. दामोदरही अहमदाबादेचाच, तेथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या कऱ्हाडे ब्राह्मणांच्या एका सधन घरात सप्टेंबर 1857 मध्ये त्याचा जन्म झाला. महाराष्ट्राबाहेर वाढलेला मराठी मुलगा, घरी सोवळेओवळे कडक, शिक्षण इंग्रजी. आपल्या मंडळातील कित्येक घरांना हे वर्णन अगदी शेजारचे वाटेल.

लहानपणी तो एकदा असा आजारी पडला की वैद्यांनी हात टेकले. त्या ग्लानीत एक तेजस्वी पुरुष उशाशी आला, त्याने औषध दिले आणि मुलगा बरा होऊ लागला, असे तो पुढे सांगे. मराठी घरात अशा कथेचा शेवट ठरलेला असतो: दत्तगुरू आले होते, पारायण करा, ब्राह्मण जेवू घाला. दामोदरने तसे केले नाही. तो त्या चेहऱ्याची वाट पाहत राहिला.

16 फेब्रुवारी 1879 रोजी मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट हे दोघे मुंबईच्या बंदरात उतरले. एक रशियन बाई, एक अमेरिकन वकील. दोघांनी 1875 साली न्यूयॉर्कमध्ये थिऑसॉफिकल सोसायटी स्थापिली होती. गोऱ्या कातडीच्या माणसांनी येथे यावे ते धर्म शिकवायला, अशी सवय झालेल्या लोकांना हे दोघे धर्म शिकायला आलो म्हणतात याचेच अप्रूप वाटले. गिरगावात त्यांनी बिऱ्हाड केले. ‘आयसिस अनव्हेल्ड’ हा बाईंचा ग्रंथ वाचून दामोदर त्यांच्याकडे गेला आणि 3 ऑगस्ट 1879 रोजी सभासद झाला. अजून बाविशी पुरी व्हायची होती.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. थिऑसॉफी म्हणजे प्लँचेट, टेबल हलवणे, मेलेल्या नातलगांशी बोलणे, असे आपल्याकडे अनेकांना वाटते. ब्लाव्हाट्स्कीबाईंचे म्हणणे नेमके उलट होते. प्लँचेटवर येतो तो मृताचा आत्मा नव्हेच, मागे पडलेली निर्जीव साल आहे. तिच्याशी गुजगोष्टी करू नयेत, असे त्या बजावीत. त्यांचे ‘महात्मे’ मेलेले नव्हते. ते हिमालयापलीकडे तिबेटात देहधारी होते आणि त्यांची पत्रे छतातून पडत, बंद लिफाफ्यात उमटत. कूट हूमी नावाच्या महात्म्याची तसबीर पाहिली तेव्हा आपल्या बालपणीचा वैद्य दामोदरला सापडला.

मग त्याने मागे पाहिले नाही. मे 1880 च्या ‘थिऑसॉफिस्ट’ मासिकात त्याने जातिभेदावर लेख लिहून आपण जात सोडल्याचे जाहीर केले. मुंबईच्या त्या वर्तुळात ‘जातिभेद विवेकसार’चे कर्ते तुकाराम तात्या पडवळ हेही होते, पण तात्यांनी जातीवर लिहिले ते ती खालून सोसून, दामोदरने ती वरून टाकली. वडील केशवराव आरंभी मुलासोबत सोसायटीत आले होते. मुलगा परजातीच्या माणसांबरोबर जेवू लागला तेव्हा ते बाहेर पडले आणि घरी परत ये म्हणाले. त्याने वडिलोपार्जित हिश्शावर पाणी सोडले. अट एकच: लहानपणी लग्न होऊन आलेल्या आपल्या पत्नीचा सांभाळ घराने करावा.

ही अट आम्हांस वारंवार अडवते. थिऑसॉफीच्या इतिहासकारांनी दामोदरच्या त्यागावर पाने भरली, त्या मुलीसाठी फारशी शाई खर्च केली नाही. तिने काय सोडले हे तिला कोणी विचारले नव्हते. 1880 च्या सुमारास उच्चवर्णीय घरात नवरा जिवंत असून नसलेली बाई कोणत्या कोपऱ्यात बसे, हे आपल्या आज्या-पणज्यांनी पाहिले आहे. दामोदरचे मोठेपण सांगताना हा कोपरा झाकून ठेवावा असे आम्हांस वाटत नाही.

डिसेंबर 1882 मध्ये संस्थेचे ठाणे मुंबईहून अड्यारला हलले. दामोदर मासिकाचा व्यवस्थापक होता. रात्रंदिवस पत्रव्यवहार, हिशेब, मुद्रिते. अंगाने किरकोळ, पोशाखाची शुद्ध नाही. ब्लाव्हाट्स्कीबाईंच्या खोलीलगत ‘गूढ दालन’ होते आणि त्यात भिंतीला टेकून एक लाकडी कपाट. त्यास सर्वजण देव्हारा म्हणत. ऑगस्ट 1883 मध्ये जनरल मॉर्गन हे पाहुणे देव्हारा पाहावयास आले. कपाट उघडताना चिनी मातीची एक बशी पडून फुटली. तुकडे फडक्यात बांधून आत ठेवले; काही मिनिटांनी उघडले तो बशी सबंध, आणि सोबत महात्म्याची चिठ्ठी. दामोदर तेथे होता.

त्याच वर्षी नोव्हेंबरात कर्नलबरोबर उत्तरेच्या दौऱ्यावर असता मुरादाबादेस त्याने सूक्ष्म देहाने अड्यारला जाऊन निरोप आणला आणि पाठोपाठ मद्रासहून तो निरोप पडताळणारी तार आली, असे कर्नल सांगतात. पुढे काश्मीरचे महाराज रणबीरसिंह यांचे पाहुणे म्हणून ते जम्मूस उतरले होते. 25 नोव्हेंबरच्या पहाटे दामोदर नाहीसा झाला. कर्नलने अड्यारला तार केली; बाईंचे उत्तर आले की तो परत येईल, त्याच्या सामानास कोणी हात लावू नये. 27 च्या संध्याकाळी तो आला. गेला तो फिकट, बुजरा विद्यार्थी. आला तो रापलेला, काटक, ताठ बोलणारा. आपण गुरूंच्या आश्रमात जाऊन आलो, एवढेच तो म्हणाला. कर्नल ऑल्कॉटची ही साक्ष आहे. ते भोळे असतील, पण खोटे बोलण्याची ख्याती त्यांची नव्हती.

आणि मग देव्हारा फुटला. कूलों नावाचे नवरा-बायको अड्यारला घर सांभाळीत. 1884 च्या मे महिन्यात त्यांना काढून टाकण्यात आले. सप्टेंबरात मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकात बाईंची म्हणून काही पत्रे छापली गेली, ज्यांत चमत्कारांची पूर्वतयारी होती. देव्हाऱ्यामागच्या भिंतीत सरकत्या फळ्या निघाल्या. त्या बाईंच्या सांगण्यावरून बसवल्या की मागाहून बदनामीसाठी, हा वाद तेव्हापासून चालू आहे. पण एक गोष्ट संस्थेच्याच माणसांनी केली: चौकशी होण्याआधी देव्हारा दामोदरच्या खोलीत हलवून मग जाळून टाकला. डॉक्टर हार्टमन यांनी हे स्वतः कबूल केले. निर्दोष माणसाने पुरावा का जाळावा, याचे समाधानकारक उत्तर आमच्या वाचनात आलेले नाही.

लंडनच्या सायकिकल रिसर्च सोसायटीने रिचर्ड हॉजसन यास पाठविले. तो डिसेंबर 1884 मध्ये अड्यारला आला. तो तरुण, कसून विचारणारा. बशीचा माग काढीत तो मद्रासच्या दुकानापर्यंत गेला आणि तेथे एकसारख्या दोन बश्या विकल्याची नोंद काढली. तारांविषयी त्याचे म्हणणे साधे होते: दोन माणसांनी आधी ठरवून ठेवले तर निरोप आणि पडताळा दोन्ही जुळतात. 1885 च्या डिसेंबरात अहवाल निघाला. त्यात ब्लाव्हाट्स्कीबाई दगलबाज आणि दामोदर त्यांचा साथीदार ठरला. पुढे 1986 साली त्याच सोसायटीच्या नियतकालिकात व्हर्नन हॅरिसन या हस्ताक्षरतज्ज्ञाने हॉजसनने पुरावा एकतर्फी मांडल्याचे दाखवून दिले. बशीचे मात्र त्यामुळे काही बदलत नाही.

आमचे मत विचाराल तर बशीपुरते आम्ही हॉजसनच्या बाजूचे. पण दामोदर साथीदार होता हे आमच्या गळी उतरत नाही. फसवणुकीत भागी असलेला माणूस काही मिळवतो. याने इस्टेट, जात, बाप, प्रकृती, सगळे त्या देव्हाऱ्यावर वाहिले. आणि फसवणारा, फसवणूक उघडी पडत असता, तिबेटकडे चालू लागत नाही.

हॉजसन अजून अड्यारलाच होता तेव्हा, 23 फेब्रुवारी 1885 रोजी, दामोदर मद्रासच्या बंदरात कलकत्त्याच्या बोटीवर चढला. तेथून काशी, मग 1 एप्रिलला दार्जिलिंग. 13 तारखेस त्याने सिक्कीमची वाट धरली. त्याची रोजनिशी पुढे कर्नलने छापली. तीत तत्त्वज्ञान नाही, चमत्कार नाही. मुक्काम, जेवण, पाऊस. 23 एप्रिलची नोंद अशी आहे की काबी येथे सकाळी भोजन करून, सामान कुलींबरोबर दार्जिलिंगला परत पाठवून, तो एकटा पुढे निघाला.

बर्फात गोठलेले एक प्रेत आणि त्याचे कपडे सापडल्याची वार्ता काही महिन्यांनी दार्जिलिंगहून अड्यारला आली. कर्नलने तिच्यावर विश्वास ठेवला नाही. शिष्य गुरूपाशी पोचला, वेळ येईल तेव्हा परत येईल, असे ते अखेरपर्यंत, 1907 पर्यंत, म्हणत राहिले. त्याचे वय तेव्हा सत्तावीस होते. आपल्या गावाकडे वाटेत बेपत्ता झालेल्यास चकव्याने नेले म्हणतात, आणि घरची बाई कुंकू पुसत नाही.